चालतंय ना, मग हात लावू नका!

‘लिनक्स आहे, त्याला काही होत नाही.’ हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक खास तृप्ती असते. अँटिव्हायरस, निळा पडदा आणि ऐन बैठकीत सुरू होणारं अपडेट हे सगळं विंडोजवाल्यांच्या नशिबी. आपण त्या फेऱ्यातून सुटलेले. शाळेच्या संगणक कक्षात, पतसंस्थेच्या मागच्या खोलीत, छापखान्यात, एखाद्या सीएच्या कार्यालयात कोपऱ्यात एक लिनक्सचं यंत्र धूळ खात चालू असतं. ते कोणी बसवलं, त्यावर काय काय चालतं, शेवटचं अपडेट केव्हा झालं असं विचारलं की उत्तर येतं, ‘तीन वर्षांत एकदाही बंद पडलेलं नाही.’ विचारली होती प्रकृती, सांगितलं वय.

या मंडळींची बाजू आधी नीट मांडू, नाहीतर अन्याय केल्याची तक्रार यायची. त्यांचं म्हणणं असं. लिनक्सला व्हायरस लागत नाही. ते ओपन सोर्स असल्यामुळे जगभरचे हजारो प्रोग्रॅमर डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर नजर ठेवून असतात. अपडेट ही विंडोजची रड. आपल्याकडे अपडेट केलं की चालतं तेच बिघडतं. फायरवॉल राउटरमध्ये असतेच. आणि शेवटी हुकमाचं पान: आपल्यासारख्या लहान माणसाच्या यंत्रात कोणाला काय रस? हे सगळं एकाच माणसाच्या तोंडून एका दमात ऐकायला मिळतं. त्यातली निम्मी विधानं उरलेल्या निम्म्यांना खोटं पाडतात, हे मात्र त्याच्या गावीही नसतं.

आधी व्हायरसचं पाहू. १० जून २०१७ रोजी दक्षिण कोरियातल्या नयाना या वेब होस्टिंग कंपनीच्या १५३ सर्व्हरवर इरेबस नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरलं. सगळे सर्व्हर लिनक्सचे. त्यांच्यावर असलेली ३,४०० हून अधिक संकेतस्थळं एका फटक्यात कुलूपबंद झाली. मागणी ५५० बिटकॉइनची होती. घासाघीस होऊन ३९७.६ वर सौदा ठरला. त्या वेळच्या भावाने सुमारे १० लाख डॉलर, आणि तेही कंपनीने हप्त्याहप्त्याने भरले. ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने नयानाच्या यंत्रणेवर काय चाललं होतं ते तपासलं, तेव्हा काय दिसलं? २००८ साली कंपाइल केलेलं २.६.२४.२ कर्नल. अपाची १.३.३६ आणि पीएचपी ५.१.४, दोन्ही २००६ सालची. नऊ आणि अकरा वर्षांची शिळी सामग्री, उघड्या इंटरनेटवर, गिऱ्हाइकांच्या जिवावर! चोर नेमका कोणत्या दारातून आला हे शोधत बसण्यातही मग फारसा अर्थ उरत नाही. इतकी दारं सताड उघडी होती. त्या अकरा वर्षांत तिथल्या एकाही तंत्रज्ञाने ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ असं म्हटलं नसेल, अशी पैज कोणी घेईल का?

आता एखादा पंडित पुढे येऊन सांगेल की हा व्हायरस नव्हताच, रॅन्समवेअर होतं. व्हायरसची व्याख्या वेगळी. असेल. ज्याचं दुकान त्या ३,४०० मध्ये होतं त्याला ही व्याख्या ऐकवून पाहावी.

एक गोष्ट मान्य. ईमेलला जोडून येणारा, घरगुती डेस्कटॉपला पछाडणारा कचरा प्रामुख्याने विंडोजसाठी लिहिला जातो. पण त्याचं कारण लिनक्सचं पावित्र्य नाही. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे मूठभर आहेत, म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही. असतील शितं तर जमतील भुतं. सर्व्हरवर शितं कोणाची आहेत? तिथे तर लिनक्सचंच राज्य. तिथे दुसऱ्याच्या विजेवर आणि प्रोसेसरवर क्रिप्टो चलन खणणारी, दुसऱ्याच्या यंत्रावरून तिसऱ्यावर हल्ला चढवणारी भुतं रोज जमतात. आणि कोपऱ्यातलं ते यंत्र सर्व्हरच असतं, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

दुसरा मुद्दा हजारो डोळ्यांचा. हा मुद्दा मला सर्वांत जास्त चिडवतो, कारण तो अर्धा खरा आहे. डोळे आहेतच. पण त्यांना दिसायला किती वेळ लागतो ते पाहा. ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीतून जगभर गेली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. बॅशमधली शेलशॉक सप्टेंबर २०१४ मध्ये सापडली तेव्हा ती सुमारे पंचवीस वर्षांची होती. सुडोमधली एक गंभीर फट २०११ पासून २०२१ पर्यंत नांदली, पॉलकिटमधली प्वनकिट २००९ पासून २०२२ पर्यंत. कर्नलमधल्या डर्टी काऊची गंमत तर याहून मोठी. २०१६ मध्ये ती दुरुस्त करताना खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी नोंदवून ठेवलं की अकरा वर्षांपूर्वी आपणच ही चूक दुरुस्त करायला गेलो होतो आणि ते काम नीट झालं नव्हतं. ज्याने हे कर्नल जन्माला घातलं तो माणूस आपल्या कामाबद्दल इतक्या सरळपणे बोलतो. आणि ते फुकट उतरवून घेणारा मात्र ‘काही होत नाही’ म्हणून छाती पुढे काढतो.

बरं, हजारो डोळ्यांना चूक अखेर दिसते तेव्हा काय होतं? दुरुस्ती लिहिली जाते, तपासली जाते, डेबियन, उबंटू, रेड हॅट यांच्या सुरक्षा चमू तिचं पॅकेज करतात आणि ती तुमच्या दारापर्यंत अपडेट म्हणून येते. त्या डोळ्यांच्या कष्टाचं फळ तुमच्यापर्यंत पोचण्याचा तो एकमेव रस्ता. तो रस्ता बंद करून ठेवायचा आणि वर त्याच डोळ्यांच्या भरवशावर निर्धास्त झोपायचं, याला काय म्हणावं? लिनक्सची सुरक्षित म्हणून जी कीर्ती आहे ती रोजच्या रोज दुरुस्त होणाऱ्या लिनक्सची आहे. तीन वर्षांपूर्वी गोठवून ठेवलेल्या यंत्राने त्या कीर्तीवर हक्क सांगू नये.

याच्याही पुढची गोष्ट आहे, आणि ती या मंडळींच्या डोक्यात कधीच येत नाही. सोर्स खुला असतो तसा दुरुस्तीचाही खुला असतो. कोणत्या फाइलमध्ये कोणत्या ओळी बदलल्या हे साऱ्या जगाला दिसतं. चांगल्या माणसाला दिसतं तसं चोरालाही. ज्या दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध होते, त्या दिवशी न दुरुस्त झालेल्या प्रत्येक यंत्राच्या फटीचा नकाशाही प्रसिद्ध होतो. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये चोराला तो नकाशा खटपट करून काढावा लागतो. इथे आयता मिळतो. म्हणजे ‘ओपन सोर्स आहे म्हणून अपडेटची घाई नाही’ हे वाक्य पार उलटं वाचायला हवं. अपाची स्ट्रट्स या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधल्या एका फटीची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. काही दिवसांतच ती फट वापरून हल्ले सुरू झाले. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमापन कंपनीत चोर मेच्या मध्याला त्याच फटीतून शिरले आणि जुलै संपेपर्यंत आत वावरत होते. सुमारे १४.७ कोटी लोकांची खासगी माहिती गेली. दुरुस्ती फुकट होती आणि दोन महिने दारात उभी होती.

‘पण अपडेटने बिघडतं त्याचं काय?’ बिघडतं, कधी कधी. मात्र असं म्हणणारा माणूस दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. डेबियन १२ वरून १३ वर जाणं हे मोठं स्थलांतर आहे. त्याला तयारी लागते, सुट्टीचा दिवस लागतो, बॅकअप लागतो. सुरक्षा अपडेट ही वेगळीच वस्तू. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सुरक्षा चमू सर्वसाधारणपणे पॅकेजची आवृत्ती तीच ठेवते आणि चुकीच्या तेवढ्याच ओळी दुरुस्त करून देते. नवी बटणं नाहीत, नवी रचना नाही. चालतं ते बिघडू नये म्हणूनच ही किचकट पद्धत वर्षानुवर्षं पाळली जाते. नवं कर्नल रुसलंच तर यंत्र सुरू होताना ग्रबच्या यादीत जुनं कर्नल निवडता येतं. इतकी सोय करून ठेवलेली असताना ‘मागे एकदा एकाचा प्रिंटर चालेनासा झाला होता’ ही दंतकथा किती वर्षं पुरवणार? उबंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सुरक्षा अपडेट आपोआप बसवणारं अनअटेंडेड अपग्रेड्स मुळातच चालू असतं. आमचे तज्ज्ञ काय करतात, तर शोधून शोधून ते बंद करतात. काहीजण रोज निष्ठेने ‘अ‍ॅप्ट अपडेट’ चालवतात आणि कृतार्थ होतात. त्या आज्ञेने फक्त काय काय नवं आलंय याची यादी येते. बसवण्याचं काम ‘अ‍ॅप्ट अपग्रेड’चं. यादी वाचून पोट भरण्यातलाच हा प्रकार.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी झाली. विमानं अडकली, रुग्णालयं खोळंबली. त्या दिवशी विंडोजला मनसोक्त हसणारेच दुसऱ्या दिवशी तोच दाखला आपलं लिनक्स अपडेट न करण्यासाठी देऊ लागले! त्या प्रकरणाने शिकवलं ते एवढंच की सगळ्या यंत्रांवर एकाच क्षणी काही ढकलू नये. आधी एकावर, मग थोड्यांवर, मग सगळ्यांवर. लिनक्समध्ये हे करायला तुमचा हात कोणी धरलाय?

यांचा सर्वांत धारदार दाखला मात्र एक्सझेडचा, आणि तो मी आनंदाने ऐकून घेतो. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार घातलेलं निघालं. ‘जिया टान’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात मदत करून, विश्वास कमावून हा डाव साधला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला आपल्या यंत्रावर एसएसएचने आत जायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने खोदत खोदत मूळ गाठलं आणि २९ मार्चला ते जाहीर केलं. ‘बघा,’ आमचे मित्र म्हणतात, ‘अपडेट केलं असतं तर घरात विष घेतलं असतं!’ कोणी घेतलं असतं? त्या आवृत्त्या डेबियनच्या स्थिर शाखेत पोचल्याच नव्हत्या, उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या प्रसिद्ध आवृत्त्यांतही नाहीत. त्या होत्या चाचणीच्या आणि सतत बदलणाऱ्या शाखांत. स्थिर शाखा मुद्दाम संथ ठेवतात ती याचसाठी. आणि ज्यांच्या यंत्रात त्या गेल्या होत्या त्यांना उपाय कोणता दिला? दुसरं अपडेट. डेबियनने त्या पॅकेजला आवृत्ती क्रमांक दिला तो ‘५.६.१+रिअली५.४.५’ असा. नाव पुढचं, माल मागचा, म्हणजे अपडेट करणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रातून ते विष निमूटपणे निघून जावं. त्या आवृत्त्या यंत्रात असताना एक्सझेडला घाबरून ज्याने त्या आठवड्यात अपडेट बंद केलं, त्याने चोराला आत ठेवून दाराला कडी घातली.

अपटाइमच्या अभिमानाबद्दल तीनच वाक्यं. लायब्ररी डिस्कवर बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम मेमरीतली जुनी प्रतच वापरत राहतो, आणि नवं कर्नल रीस्टार्टशिवाय लागू होत नाही. त्यामुळे लाइव्ह पॅचिंगची सोय केलेली नसेल तर ‘तीन वर्षं अखंड चालू’ याचा अर्थ ‘तीन वर्षं कर्नलची एकही दुरुस्ती लागू नाही’ असा होतो. ही पाटी भिंतीवर लावण्याजोगी नाही.

आता फायरवॉल. ‘राउटरमध्ये असते ना!’ महिना भाडं भरून क्लाउडवर घेतलेल्या सर्व्हरला राउटर कुठला? त्याला सार्वजनिक आयपी पत्ता असतो आणि तो थेट जगासमोर उभा असतो. सेवा पुरवणाऱ्याच्या पॅनेलमध्ये नियम लावता येतात, पण तिथेही ‘आधी सगळं उघडं ठेवू, चाललं की बघू’ म्हणून जे उघडं राहतं ते राहतंच. कार्यालयातल्या यंत्रापुढे राउटर असतो हे खरं. पण तो राउटर म्हणजे काय? बहुतेक वेळा तोही लिनक्सच, आणि त्यालाही बसवल्या दिवसापासून कोणी हात लावलेला नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने हेच हेरलं. राउटर, कॅमेरे, डीव्हीआर अशी लिनक्सवर चालणारी उपकरणं त्याने कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबरला त्या फौजेने डाइन या डीएनएस कंपनीवर धाड घातली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन् तास मिळेनाशा झाल्या. मिराई कोण्या देशाच्या गुप्तहेर खात्याने घडवला नव्हता; तो बनवल्याचा गुन्हा कबूल केला तो तीन तरुण पोरांनी.

शिवाय राउटरचा जो आडोसा वाटतो तो बराचसा आयपीव्ही४ मधल्या पत्त्यांच्या टंचाईचा प्रसाद आहे. सगळी यंत्रं एका पत्त्यामागे दडलेली, म्हणून बाहेरून दिसत नाहीत. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो, आणि भारत हा आयपीव्ही६ सर्वाधिक वापरणाऱ्या देशांपैकी आहे. राउटर त्या वाहतुकीला अडवतो की नाही हे कधी तपासलंय? ज्यांनी एकेकाळी हौसेने आयपीटेबल्समध्ये फायरवॉलचे नियम लिहून ठेवले, त्यांच्यापैकी कितीजणांनी तेच नियम आयपीव्ही६ साठीच्या आयपी६टेबल्समध्येही लिहिले? आणि बाहेरचा बंदोबस्त चोख आहे असं धरून चाललो तरी, सोसायटीच्या फाटकावर वॉचमन आहे म्हणून कोणी रात्री घराला कडी लावायचं सोडतं का? कार्यालयातला एखादा लॅपटॉप बाधित झाला की तो राउटरच्या आतच असतो.

‘पण लिनक्समध्ये पोर्ट उघडेच नसतात.’ नव्या कोऱ्या उबंटू डेस्कटॉपपुरतं हे जवळपास खरं आहे. मग त्यावर तुम्ही साम्बा बसवता, डेटाबेस बसवता, दूरवरून काम करण्याची सोय बसवता. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसले गेले आणि त्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. त्यात सॉफ्टवेअरची चूक शोधायची गरजच पडली नाही. पासवर्ड नाही, २७०१७ हा पोर्ट जगाला उघडा. कितीही अपडेट केलं असतं तरी ते वाचलं नसतं. फायरवॉलच्या एका ओळीने वाचलं असतं. ‘अपडेट करतो, मग फायरवॉल कशाला’ म्हणणाऱ्यांनी हे जरा सावकाश वाचावं.

आणि फायरवॉल लावली की झालं, असंही नाही. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करून हात झटकणाऱ्यांना कंटेनर चालवणारा डॉकर हमखास चकवतो. कंटेनरचा पोर्ट बाहेर उघडला की डॉकर आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो, आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूने जिथे पहारा बसवलाय त्या वाटेने येतच नाही. यूएफडब्ल्यू सांगत राहतं ‘सगळं बंद’, आणि डेटाबेस जगाशी गप्पा मारत असतो. यावर उपाय आहेत: पोर्ट फक्त १२७.०.०.१ वर उघडावा, नाहीतर डॉकर-यूजर या साखळीत नियम लिहावेत. पण त्यासाठी आधी बाहेरच्या यंत्रावरून आपलं यंत्र तपासावं लागतं. आतून ‘एसएस’ची आज्ञा चालवून कोण कुठे कान लावून बसलंय ते पाहावं लागतं. म्हणजे पुन्हा तेच, हात लावावा लागतो.

फायरवॉलची भीती कुठून येते हेही ठाऊक आहे. कोणीतरी दूरच्या सर्व्हरवर एसएसएचला परवानगी न देताच यूएफडब्ल्यू इनेबल केलं आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. म्हणून त्याच्या सगळ्या शिष्यांनी फायरवॉलच वर्ज्य केली. आधी एसएसएचला परवानगी, मग बाकी येणारं सगळं बंद, मग इनेबल. तीन ओळी आहेत. त्यांचा क्रम पाठ होत नसेल तर सर्व्हर सांभाळण्याचे पैसे तरी कशाला घ्यावेत?

राहिलं हुकमाचं पान: लहान माणसात कोणाला रस? कोणालाच नाही. २०१३ मध्येच मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप या साधनाने आयपीव्ही४ चे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत धुंडाळून दाखवले, तेही एका साध्या यंत्रावरून. आता ते काम चोवीस तास बॉट करतात. त्यांना तुमचं नाव, गाव, उलाढाल काही ठाऊक नसतं. उघडा पोर्ट आणि जुनी आवृत्ती दिसली की पुरे. शिवाय कंपनी म्हणून व्यवहार करत असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. ज्याने लॉगची फाइल कधी उघडलीच नाही, त्याचे सहा तास केव्हा सुरू होणार?

सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला. उबंटू २०.०४ चा नेहमीचा पाठिंबा मे २०२५ मध्ये संपला. या आवृत्त्यांवर आता कितीही आज्ञा चालवल्या तरी नेहमीच्या वाटेने दुरुस्त्या येणार नाहीत. त्यांना स्थलांतर तरी लागेल, नाहीतर पैसे मोजून वाढीव पाठिंबा. आणि पॅकेज व्यवस्थेच्या बाहेरून बसवलेलं वर्डप्रेस, त्याची प्लगइन्स, कंटेनरच्या जुन्या प्रतिमा यांना अ‍ॅप्ट हातही लावत नाही. त्यांची वही वेगळी ठेवावी लागते.

हे सगळं मिळून महिन्याला काही तासांचं काम आहे. सुरक्षा अपडेट आपोआप, रीस्टार्ट ठरलेल्या रात्री, बॅकअप आधी, उघड्या पोर्टची यादी बाहेरून तपासलेली, पाठिंबा संपण्याची तारीख कॅलेंडरवर. ते कोणी करायचं हा प्रश्न असेल तर कोपऱ्यातल्या त्या यंत्राच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट काढा आणि वाचा. पंखा पुसणे, केबल तपासणे, ‘गरजेनुसार भेट’ असं लिहिलेलं सापडेल. शेवटचं अपडेट कोणत्या तारखेला झालं आणि फायरवॉलचे नियम काय आहेत हे त्या माणसाला आजच विचारा. ‘साहेब, लिनक्स आहे, त्याला काही होत नाही’ असंच उत्तर आलं, तर दर वर्षी त्याला पैसे नेमके कशाचे देता?